'मेकिंटास' म्हणजे नक्की काय?

जुनी_वही

मंडळी, एक शब्द अडलाय.

गणपतीच्या आधीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरची ट्रंक काढली तर आईच्या वडिलांच्या चार रोजनिशा निघाल्या. आजोबा रेल्वेत तारबाबू, बरीच वर्षं घाटात, कर्जत-खंडाळा पट्ट्यात. रोजनिशीत मन मोकळं करणं वगैरे काही नाही. जमाखर्च, पाऊस, कुठली गाडी किती उशिरा, संपलं. १९३८ च्या वहीत मृगाच्या सुमारास ही ओळ आहे:

'मुंबईस गेलो. मेकिंटास १ घेतले. छत्रीस मूठ बसविली.'

पुढे रक्कम लिहिलीय, पण नेमका तिच्यावरच पाण्याचा डाग.

मला वाटलं, एखादं विलायती औषध असेल. आईला विचारलं. ती ऐंशीला टेकलीय, चौतीस वर्षं नर्स होती. तिने माझ्याकडे 'हा माझाच ना' अशा नजरेने बघितलं. म्हणाली, "अरे मॅकिंटॉश! पेशंटच्या खाली घालतात ते रबरी कापड."

आता प्रश्न असा की तारबाबूला रबरी चादर कशाला लागली? घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं. आईचा तर जन्मही आठ वर्षांनंतरचा.

---

बोरघाट

रेनकोट.

विषय संपला. :)

---

बोरघाट

बरं, जरा सविस्तर. मॅकिंटॉश म्हणजे रबर लावलेल्या कापडाचा पावसाळी कोट. आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांकडे एक होता, त्यांच्या वडिलांचा. करडा, गुडघ्याच्या खाली जाणारा, खांद्यावर दुहेरी कापड. ते तो वर्गाच्या दारामागे खिळ्याला अडकवायचे आणि तास संपेपर्यंत खाली थारोळं साचायचं. वास असा की सायकलचं पंक्चर काढायच्या दुकानात बसल्यासारखं वाटावं. त्याला ते 'माझं मॅकिंटॉश' म्हणायचे, रेनकोट कधीच नाही.

घाटात नोकरी, मृग तोंडावर आलेला, त्याच फेरीत छत्रीला मूठ. तुमच्या आजोबांनी पावसाची खरेदी केलीय हो, दवाखान्याची नाही.

---

जुनी_वही

पटतंय. आईला वाचून दाखवलं. तिला नाही पटलं. "त्या लोकांना एक दिवस वॉर्डात पाठव" असा निरोप आहे.

---

निवृत्त_सिस्टर

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अगदी बरोबर आहे.

आमच्या ट्रेनिंगला पहिल्या महिन्यात बेड मेकिंग. गादी, तिच्यावर लाँग मॅकिंटॉश, मग बेडशीट, मग मधल्या भागात आडवं ड्रॉ मॅकिंटॉश, त्यावर ड्रॉ शीट. हा क्रम झोपेत विचारला तरी सांगता यायचा. रंग लालसर तपकिरी. ड्यूटी संपताना ते साबणाच्या गार पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, दोन्ही बाजूंना पावडर लावायची आणि गुंडाळून ठेवायचं. घडी घालायची नाही. घडी घातली की त्या रेषेवर रबर तडकतं, आणि एकदा तडकलं की खालची गादी गेलीच. एका मुलीने घाईत चौघडी घालून कपाटात कोंबलं होतं. आमच्या ट्यूटरबाईंनी सगळ्या बॅचसमोर ते उलगडून दिव्याकडे धरलं. मधोमध उजेडाचा क्रॉस! अजून डोळ्यासमोर आहे.

वॉर्डातल्या मावशी त्याला 'मेकेंटॉस' म्हणायच्या. 'सिस्टर, तेरा नंबरचं मेकेंटॉस बदलू का?' आता सगळीकडे रेक्झिन नाहीतर एकदा वापरून टाकायची पॅड. पण प्रोसिजरच्या ट्रेच्या यादीत 'मॅकिंटॉश अँड टॉवेल' हे जोडीने अजून लिहितात.

हे कोटाचं नाव आहे हे मला आज, या धाग्यावर कळलं. खरंच.

---

उलटी_छत्री

आणि मी इतकी वर्षं समजत होतो की मॅकिंटॉश हा कॉम्प्युटर आहे.

(१९८४ चा. त्याचं नाव सफरचंदाच्या एका जातीवरून ठेवलं. म्हणजे पावसाशी काही घेणंदेणं नाही. बसतो खाली.)

---

रसायनवाला

आता हा धागा आमच्या हद्दीत आला, म्हणून जरा पसरतो.

चार्ल्स मॅकिंटॉश ग्लासगोचा, जन्म १७६६. वडिलांचा रंगाचा कारखाना. एका जातीच्या दगडफुलापासून ते जांभळट रंग काढायचे. हो, दगडफूलच, आपल्या गोडा मसाल्यातल्याचं चुलत भावंड म्हणा. तो रंग उतरायला अमोनिया लागतो आणि त्या काळी अमोनियाचा हुकमी साठा म्हणजे माणसाचं मूत्र. कारखान्याची माणसं ते घरोघरी फिरून गोळा करायची.

पुढे शहरात कोळशाच्या गॅसचे दिवे आले. कोळशातून गॅस काढला की मागे डांबर आणि अमोनियाचं घाण पाणी उरतं. गॅसवाल्यांना त्याचं काय करावं कळेना. मॅकिंटॉशने ते सगळं उचललं. अमोनिया रंगाच्या कामी आला. डांबरातून नॅप्था नावाचं पातळ तेल निघालं, ते शिल्लक राहिलं. आता या नॅप्थाचं काय करायचं, या विवंचनेतून रेनकोट जन्माला आला.

नॅप्थात रबर विरघळतं. पण ते कापडावर फासलं तर कापड हाताला चिकटतं, बसाल तिथे चिकटतं. मॅकिंटॉशची खरी अक्कल इथे दिसते. त्याने फासलेल्या बाजूवर दुसरं कापड ठेवून दाबलं. रबर आत, कापड दोन्हीकडून बाहेर, आपल्या पुरणपोळीसारखं. पेटंट १८२३ चं.

न्यायाने सांगायचं तर रबर विरघळवायची युक्ती त्याच्या आधीच, १८१८ मध्ये, जेम्स साइम नावाच्या एडिनबराच्या विद्यार्थ्याला सापडली होती. त्याने ती छापून मोकळी केली, पेटंट घेतलं नाही आणि डॉक्टरकीकडे वळला. नाव राहिलं मॅकिंटॉशचं.

कारखाना मँचेस्टरला निघाला. १८३० च्या दशकात लोक कोटालाच मॅकिंटॉश म्हणायला लागले. लिहिता लिहिता स्पेलिंगमध्ये एक जादा 'के' घुसला. माणसाच्या नावात तो नव्हता, कोटाच्या नावात आहे.

---

शब्दवेल्हाळ

उत्तम! माझी भर आडनावापुरती. 'मॅक' म्हणजे मुलगा, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'टोशेख'सारखा काहीतरी उच्चारतात. अर्थ म्हणजे पुढारी, टोळीचा नायक. थोडक्यात आपल्याकडचे नाईक. कल्पना करा, 'पाऊस आलाय, नाईक घालून जा.'

---

बोरघाट

हसून हसून पुरेवाट. आमच्या इमारतीत तीन नाईक आहेत, एकही वॉटरप्रूफ नाही.

---

शिवणयंत्र

रसायनवाला, कापड ठीक. कोट शिवायचा कसा, हे नाही सांगितलंत.

माझा कारखाना आहे छोटा, पावसाळी जॅकेटं शिवतो. वॉटरप्रूफ कापडाची सगळी मजा सुईपाशी संपते. सुई गेली की भोक पडलं, भोक पडलं की पाणी आलं. शिलाई जितकी बारीक तितकी भोकं जास्त! त्यात दोऱ्यातून पाणी वातीसारखं चढतं ते वेगळंच. आज आम्ही आतून शिलाईवर पट्टी चिकटवतो, गरम हवेच्या मशिनवर. रेनकोट विकत घेताना आतली बाजू उलटून बघा. खांद्याच्या शिलाईवर पट्टी नसेल तर दुकानदाराला राम राम करा.

मॅकिंटॉशच्या वेळी लंडनचे शिंपी हे कापड साध्या कोटासारखंच शिवायचे, अंगासरशी, भरपूर शिलाया घालून. कोट गळायचा आणि शिव्या कापडाला बसायच्या.

---

रसायनवाला

अगदी! आणि एवढ्यावर भागलं नाही. कच्चं रबर थंडीत पापडासारखं कडक व्हायचं, उन्हात वितळून चिकट व्हायचं. लोकरी कापडातलं तेल रबराला खायचं. वास तर होताच. बसगाड्यांत या कोटवाल्यांना शेजारी बसू देत नसत, असं वाचल्याचं आठवतं, पण नक्की नसल्याने सोडून देतो. वास येत असे, एवढं पक्कं.

थॉमस हॅनकॉक नावाचा मॅकिंटॉशचा जोडीदार होता. त्याने रबर गंधकाबरोबर तापवलं की त्याचे हे नखरे थांबतात याचं इंग्लंडमधलं पेटंट १८४३ मध्ये घेतलं. अमेरिकेत गुडइयरचं १८४४ चं. आजोबांचं १९३८ चं मेकिंटास या पक्क्या रबराचं. कर्जतच्या मे महिन्यात कच्च्या रबराचा कोट खुंटीवरून ओघळला असता.

---

तिरफळ

सगळं वाचलं, छान आहे, पण एक खटकलं. ग्लासगोच्या पावसावर एवढं बोललात, आमच्याकडे काय लोक भिजत बसायचे?

आमच्या आजीचं इरलं होतं. बांबूच्या कामट्या विणून दोन जाळ्या करायच्या, मधे पळसाची पानं एकावर एक लावून दाबायची आणि कडेने बांधायचं. म्हणजे बघा, दोन पदर आणि मधे पाणी अडवणारं! वरचा भाग डोक्यावर बसतो, बाकीचं पाठीवरून पार कमरेखाली. उभं राहिलं की विचित्र दिसतं, पालथी होडी घेऊन चालल्यासारखं. पण ते उभं राहण्यासाठी नाहीच. लावणीला वाका, मग बघा. पाठ आडवी, इरलं कासवासारखं वर, दोन्ही हात मोकळे. पाऊस वरून पडतो नि बाजूने निथळतो, आत वारा खेळतो, घाम नाही. रेनकोट घालून अर्धा तास लावणी करून दाखवा, बाहेरून कमी आणि आतून जास्त भिजाल.

पानं मग गेली, त्या जागी प्लास्टिकचा कागद आला. आजी त्यालाही इरलंच म्हणायची.

---

शब्दवेल्हाळ

तिरफळ, सुरेख. मेघालयातल्या खासी बायकांचं 'क्नुप' आणि दक्षिण कन्नडमधलं 'गोरबे' हुबेहूब याच घडणीचं. पाऊस धो धो, शेत भाताचं, काम वाकून. तिन्हीकडे उत्तर एकच निघालं.

---

पंचगंगा

आमच्याकडे इरलं नाही. आमच्याकडे खोळ. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलायचा, टोपडं तयार. डोक्यावरून पाठीवर. खताच्या पोत्याची आतली प्लास्टिकची पिशवी मिळाली तर राजा. शाळेत मी आठवीपर्यंत खोळच नेली. वर्गाबाहेर सगळ्यांच्या खोळींचा ढीग पडायचा, सुटल्यावर ज्याच्या हाताला जी लागेल ती.

आणि जुन्या लोकांची घोंगडी. सणगर विणायचे, चिंचोक्याची खळ लावायचे, नवी घोंगडी फळीसारखी ताठ उभी राहायची. भुरभुर पाऊस तिच्यावरून घरंगळतो. मुसळधार लागला की मात्र ती पाणी पिते आणि मणाची होते. वाळायला चार दिवस. 'भिजत घोंगडं' उगाच नाही म्हणत.

---

उलटी_छत्री

या धाग्याचं तेच होणार आहे.

---

मराठी_बाणा

पण मग रेनकोटला प्रतिशब्द काय? वर्षाकवच? पर्जन्यवस्त्र? कोणीतरी सुचवा. किती दिवस इंग्रजी शब्द वापरायचे?

---

तिरफळ

वर्षाकवच घालून भर पावसात कोण मासळी आणायला जाईल? रेनकोट म्हणा. तो आता मराठीच झालाय. 'रेनकोटं वाळत घाल' म्हणतो ना आपण, अनेकवचनसुद्धा आपल्या नियमाने होतंय.

---

टोकियोकर

प्रतिशब्दावरून आठवलं. इथे जपानीत रेनकोटला जुना शब्द आहे 'काप्पा'. त्याला चिनी लिपीतली अक्षरंही आहेत, त्यामुळे अस्सल जपानी वाटतो. पण तो पोर्तुगीज 'कापा'वरून आला, म्हणजे झगा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी आणि पाद्री आले, त्यांचे झगे जपान्यांनी पाहिले. पुढे तेलकट कागदाचे काप्पे इथेच बनू लागले.

हेच पोर्तुगीज गोव्याहून तिकडे जात होते. आपल्याला त्यांनी चावी, पगार, घमेलं, फीत दिली, पावसाचा कोट नाही दिला. कदाचित इथे आल्यावर पहिला पावसाळा बघून त्यांनीच इरलं मागितलं असेल. (गंमत करतोय. पुरावा मागू नये.)

अजून एक. स्पॅनिशमध्ये रेनकोटला 'गाबार्दिना' म्हणतात. त्याच शब्दाचं इंग्रजी रूप 'गॅबर्डीन' हे मुळात झग्याचं नाव, शेक्सपिअरचा शायलॉक घालतो तो. मग एकोणिसाव्या शतकात बर्बरी नावाच्या इंग्रज कापडवाल्याने घट्ट विणीचं कापड काढलं आणि त्याला हे जुनं नाव दिलं. आपल्याकडे पँटपीस घेताना 'गॅबर्डीन दाखवा' म्हणायचे ते हेच. म्हणजे एकच शब्द एका देशात कोट, दुसऱ्या देशात कापड.

---

निवृत्त_सिस्टर

टोकियोकरांच्या शेवटच्या वाक्यावर थांबले. आमच्या मॅकिंटॉशचंही असंच झालंय की! कोटाचं नाव घसरून चादरीवर आलं.

---

रसायनवाला

सिस्टर, मला वाटतं उलट आहे. मॅकिंटॉशने पेटंट घेतलं ते कापडाचं. कोटाचं नव्हे. त्याने काढलं ते दोन पदरांमधे रबर असलेलं कापड. त्याचे लोकांनी कोट शिवले, शिव्या खाल्ल्या (शिवणयंत्र यांच्या बिरादरीने), आणि नाव कोटाला चिकटलं. दवाखान्यात मात्र ते कापड म्हणूनच राहिलं. म्हणजे काकू आणि तुम्ही जो अर्थ सांगताय तो मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे. बोरघाट यांचा अर्थ नंतरचा.

आणि दवाखान्याचा धागा अजून एका बाजूने जुळतो. वर जेम्स साइम आला होता, पेटंट न घेतलेला. तो पुढे मोठा सर्जन झाला आणि त्याची मुलगी अ‍ॅग्नेस हिचं लग्न १८५६ मध्ये जोसेफ लिस्टरशी झालं. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा लिस्टर, तोच. लिस्टरच्या पट्टीत कार्बोलिक लावलेल्या गॉजचे आठ पदर असायचे आणि सगळ्यात बाहेरच्या पदराच्या आत मॅकिंटॉशचा तुकडा. जखमेतलं पाणी सरळ बाहेर फुटू नये, गॉजभर पसरावं, म्हणून. कार्बोलिक अ‍ॅसिडसुद्धा डांबरातूनच निघतं. सासऱ्याने नॅप्थात रबर विरघळवलं, जावयाने ते जखमेवर बांधलं.

---

निवृत्त_सिस्टर

ट्यूटरबाई असत्या तर त्यांना आजच फोन केला असता.

---

दुपारची_झोप

आमच्या घरी या वस्तूला मेणकापड म्हणायचे. तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली घालायचं ते. आता लक्षात येतंय की त्यात मेण कुठेच नव्हतं, रबरच होतं! मूळचं मेणकापड म्हणजे खरोखर मेण चोपडलेलं कापड असणार, हिंदीत 'मोमजामा' म्हणतात तसं. रबर आलं, नाव जुनंच राहिलं. तिरफळ यांच्या आजीने प्लास्टिकला इरलं म्हणावं तसंच.

---

हावडाकर

मी कोलकात्यात राहते म्हणून एवढंच: इथे रेनकोट म्हटलं की जुनी माणसं 'डकबॅक' म्हणतात. बंगाल वॉटरप्रूफ, १९२०, सुरेंद्रमोहन बोस यांनी काढलेली स्वदेशी कंपनी. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, म्हणून डकबॅक. रेनकोट, गरम पाण्याच्या पिशव्या आणि सिस्टर म्हणतात ती रबरी चादर, सगळं एकाच छपराखाली. आजोबांचं मेकिंटास विलायतीच असेल असं नाही.

---

शिवणयंत्र

'पाठ' हा शब्द आला म्हणून. जुन्या कोटात सगळ्यात शेवटपर्यंत टिकते ती पाठच. खांदे फाटतात, काख फाटते, पुढची पट्टी बटणांनी जाते. पाठीला शिलाई नाही, घडी नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक रेनकोटची पाठ नवी असते.

---

जुनी_वही

मंडळी, चार दिवस धाग्यावर नव्हतो, कारण उरलेल्या तीन वह्या वाचत होतो. शिवणयंत्र, तुमचा प्रतिसाद वाचून मी वही पुन्हा उघडली आणि हात थांबला.

मेकिंटास मधे दोनदा येतं. १९४१ मध्ये 'मेकिंटास खांद्यास उसवले, सोल्यूशन लाविले', म्हणजे पंक्चरचंच असणार. मग १९४४: 'मेकिंटास गळते. साहेबांनी जुना कोट दिला.' यानंतर नाव नाही. मला वाटलं, संपलं.

१९४६ ची वही. कार्तिक. अक्षर घाईतलं:

'मेकिंटासचे हात व गळा कापून टाकिले. पाठ शाबूत. सौ.स दिली.'

तारीख बघितली. आईच्या जन्माच्या आदल्या आठवड्यातली.

म्हणजे बोरघाट, तुम्ही बरोबर. सिस्टर, तुम्हीही बरोबर. १९३८ ते ४४ कोट आणि १९४६ पासून पुढे चादर, आणि तिच्यावरची पहिली पेशंट आमची मातोश्री.

काल संध्याकाळी तिला ही ओळ वाचून दाखवली. चष्मा लावून स्वतः दोनदा वाचली. बोटाने 'पाठ शाबूत'वर थोडा वेळ थांबली. मग वही मिटून माझ्याकडे दिली.

"गुंडाळून ठेवायचे का रे ते, की घडी घालायचे?" म्हणाली. "बघ कुठे लिहिलंय का."